तळहातावरचा अतिमानव



व्याख्यानाच्या मांडवात मुलांच्या खेळण्यावर बोलायला उभा राहणारा माणूस थोडा संशयास्पद वाटतो, याची मला कल्पना आहे. परंतु आपली मुले ज्या खेळात तासन् तास गढून जातात, तो त्यांना पराक्रमाची कोणती व्याख्या शिकवतो, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. राळेगणसिद्धीत तर तो मुद्दाम विचारला पाहिजे. का, ते पुढे ओघाने येईलच.

सन 2002 मध्ये ‘स्पायडर-मॅन’ हा अमेरिकन चित्रपट निघाला. पीटर पार्कर या साध्या, लाजाळू मुलाला एक कोळी चावतो आणि भिंती चढून जाण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी येते. पण कथेचा गाभा पुढेच आहे. पळणाऱ्या एका चोराला तो ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून जाऊ देतो, आणि त्याच रात्री त्याचा काका प्राणास मुकतो. अंगी आलेले बळ कशासाठी आहे, हे त्याला त्या दुःखातून कळते.

त्याच वर्षी ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ या जपानी यंत्रासाठी या चित्रपटावरून खेळ निघाला. हे यंत्र हातात धरून खेळायचे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे. त्याचा पडदा आडवा 240 आणि उभा 160 ठिपक्यांचा, म्हणजे सारे मिळून 38,400 ठिपके. आजच्या साध्या मोबाइलच्या पडद्यावरही लक्षावधी असतात! यंत्राची स्मृतीही बेताचीच. म्हणून पडद्यावरचे दृश्य आठ-आठ ठिपक्यांच्या चौकोनी फरश्यांनी बसवीत. आडव्या 30 आणि उभ्या 20, अशा 600 फरश्यांत पडदा भरतो. तीच वीट, तीच खिडकी पुन्हा पुन्हा लावली की गगनचुंबी इमारत उभी राहते. थोडक्यात भागवण्याची ही कारागिरी आहे. अवर्षणाच्या तालुक्यातील माणसाला तिचे कौतुक वाटावे.

मात्र काटकसर करायची म्हटली, की काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवावे लागते. दोन तासांच्या चित्रपटातून उडी, चढण आणि ठोसा या गोष्टी खेळात सहज उतरतात, कारण त्यांना एकेक बटण देता येते. पश्चात्तापाला बटण नाही. वाट पाहण्याला नाही, दुसऱ्याची समजूत घालण्याला तर नाहीच नाही. म्हणून नायकाचे बळ तेवढे मुलाच्या हाती येते आणि त्या बळाची जबाबदारी चित्रपटातच राहून जाते.

आपल्याकडेही असे खेळ झाले. 26 ऑक्टोबर 2011 रोजी ‘रा.वन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातला बाप खेळ रचणारा. मुलाला बलाढ्य खलनायक आवडतो, म्हणून बाप तसा निर्माण करतो, आणि तो खलनायक खेळातून बाहेर येऊन बापाचाच जीव घेतो. या चित्रपटावरून मुंबईच्या इंडियागेम्सने मोबाइलवरचा खेळ काढला. मुलाच्या हौसेपायी बापाने किती वाहवत जावे, हा त्या कथेतला प्रश्न मला खेळातल्या मारामारीपेक्षा मोलाचा वाटतो. पण प्रश्नालाही बटण नसते.

आणि आता या गावाची गोष्ट. त्याच 2011 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णा हजारे यांचे उपोषण चालले होते. त्या दिवसांत ‘अँग्री अ‍ॅना’, म्हणजे ‘रागावलेले अण्णा’, नावाचा एक खेळ इंटरनेटवर निघाला. ‘अँग्री बर्ड्स’ या प्रसिद्ध खेळाच्या धर्तीवर, आंदोलनातली माणसे पुढाऱ्यांवर फेकायची, असा तो प्रकार. लोक हसले, खेळले. त्यात वावगे काही नाही. परंतु पाहा, राळेगणचा माणूस खेळात गेला आणि गोफणीतला दगड झाला!

1975 पासून या गावात जे घडले, ते त्या खेळात कोठे मावणार? गळका पाझर तलाव श्रमदानाने दुरुस्त झाला, नाल्यांवर बांध पडले, पाणी जमिनीत मुरले आणि मग विहिरींना आले. त्यात कोणालाही कोळी चावला नव्हता. एका माणसाने पुढाकार घेतला हे खरे. पण माती उचलणारे हात अनेकांचे होते आणि फळ पाहायला पावसाळे मोजावे लागले. हा पराक्रम तुमच्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी केला आहे. तो मी तुम्हाला काय सांगावा!

म्हणून काय मुलाच्या हातातून खेळणे हिसकावून घ्यायचे? मुळीच नाही. शंभरदा पडून पुन्हा उठण्याचा धडा हे खेळ देतात, आणि तो लहान धडा नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की खेळ संपला म्हणजे मुलाजवळ बसा आणि विचारा, “तुझ्या नायकाला हे बळ कोठून मिळाले? आणि ते तो कोणासाठी वापरतो?” मग त्याचा हात धरून त्याला बांधावर न्या. 600 फरश्यांत शहर उभे करता येते, तर एखादा पाणलोटही मांडता येईल. पाणी कोठे अडवायचे, हाही खेळ होऊ शकेल. उद्या तो रचणारा मुलगा किंवा मुलगी आज याच मांडवात मागे बसून, मान खाली घालून, मोबाइल खेळत असेल.

त्याला कृपा करून उठवू नका. भाषण संपल्यावर मात्र त्याच्याशी बोला.