बोटीवरची हजेरी

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंचावरून बोलायची माझी ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी मी नववीत होते, वक्तृत्व स्पर्धेत मधेच भाषण विसरले आणि रडत खाली उतरले. बाई आज समोरच बसल्या आहेत. बाई, या वेळी कागद आणलाय.

मला सांगण्यात आलं की, "तुमचं ते बोटीवरचं सांग, सगळ्यांना मजा येईल." तर आधी मजा सांगते. मग एक काम सांगणार आहे. ते काम तुमच्याकडून करून घेतल्याशिवाय मी परत जाणार नाही.

आपण 1975 ची, दहावीची महाराष्ट्रातली पहिली बॅच. समुद्राशी आपला संबंध भूगोलाच्या पुस्तकापुरता. मुंबई रेल्वेने आठशेवर किलोमीटर लांब. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, चौपाटीवर, आणि पाणी पायाला लागल्यावर किंचाळले होते. पोहायला मी शिकले पन्नाशीत. ह्यांचं तसं नव्हतं. हे व्हीआरसीईत होते आणि नेव्हल एनसीसीत असल्यामुळे अंबाझरी तलावावर वल्ही मारलेली. तेवढ्या भांडवलावर हा माणूस चाळीस वर्षं अमेरिकेत म्हणत राहिला की रिटायर झाल्यावर आपण शिडाच्या बोटीवर राहू. मी म्हणत राहिले, "हो, राहू." रिटायर झाल्यावर बहुतेक नवरे असं काहीतरी बोलतात आणि मग टीव्हीसमोर बसतात, अशी माझी समजूत होती.

2018 साली हे रिटायर झाले आणि त्याच उन्हाळ्यात तेहेतीस फुटी जुनी बोट घेऊन आले. नव्या कारपेक्षा स्वस्त पडली. नाव ठेवलं 'अंबाझरी'. आता रेडिओवर बोटीचं नाव सांगताना समोरच्याला कळलं नाही तर एकेक अक्षर फोडून सांगावं लागतं: अल्फा, माईक, ब्राव्हो, अल्फा, झुलू, अल्फा, रोमिओ, इंडिया. शेवटी 'रोमिओ, इंडिया' आलं की ऐकणारे हसतात. हे मात्र दरवेळी गंभीरपणे सांगतात.

आम्ही राहतो मेरीलँडमध्ये. तिथली थंडी आपल्या डिसेंबरसारखी नाही, की स्वेटर घालून उन्हात संत्री सोलत बसावं. हाडं गोठवणारी. म्हणून तिकडचे पुष्कळ म्हातारे लोक थंडीत दक्षिणेला, फ्लोरिडाला जातात. त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात, म्हणजे स्थलांतर करणारे पक्षीच. कुणी कारने जातं, कुणी विमानाने. आम्ही बोटीने जातो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून आतल्या बाजूने एक जलमार्ग आहे. नद्या, खाड्या आणि खोदलेले कालवे जोडून तो केलाय. भर समुद्रात न जाता व्हर्जिनियातल्या नॉरफॉकपासून फ्लोरिडापर्यंत जाता येतं. मायामीपर्यंत साधारण अकराशे मैल. नॉरफॉकला त्याचा शून्य मैल आहे. तिथे पहिल्यांदा पोचलो तेव्हा हे म्हणाले, "बघ, झिरो माईल!" मी म्हटलं, "आपल्याकडच्या झिरो माईलला चार घोडे आहेत, इथे साधी गायसुद्धा नाही."

बोटीचा वेग ताशी दहा किलोमीटर. तुमची सायकल आम्हाला सहज मागे टाकेल. दिवसभरात चाळीस-पन्नास मैल जायचं, संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर टाकायचा. वाटेत पूल लागतात. जे उघडत नाहीत त्यांची उंची बहुतेक ठिकाणी पासष्ट फूट. आमची डोलकाठी पन्नास फुटांची आहे, हे पक्कं माहीत असूनही पुलाखालून जाताना मी अजून मान खाली घालते. जॉर्जिया राज्यात भरती-ओहोटीचा फरक सात-आठ फुटांचा. पहिल्या वर्षी ओहोटीला चिखलात रुतलो आणि सहा तास तिरकं बसून पोहे खाल्ले.

स्वयंपाकाचं सगळ्या बायका विचारतात म्हणून सांगते. बोटीवर आपला प्रेशर कुकर हे सगळ्यात उत्तम भांडं. झाकण बंद असतं, त्यामुळे बोट कितीही हलली तरी वरण सांडत नाही. आमची पाण्याची टाकी दोनशे लिटरची, ती दोघांना दहा दिवस पुरवायची. म्हणजे माणशी रोज दहा लिटर. पिणं, स्वयंपाक, भांडी, आंघोळ सगळं त्यात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या नागपूरच्या मुलीला हे शिकवावं लागलं नाही. ह्यांना लागलं.

नोव्हेंबरात फ्लोरिडात व्हेरो बीच नावाच्या गावी थांबतो. तिथे थँक्सगिव्हिंगला बोटीवरचे सगळे लोक एकत्र जेवतात, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. मी सांबारवडी नेते. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी खुलासा: सांबार म्हणजे कोथिंबीर. माझं ताट सगळ्यात आधी रिकामं होतं, हे नम्रपणे नमूद करते.

आणि डिसेंबरच्या सुमारास पोचतो मॅरेथॉनला. फ्लोरिडाच्या टोकाला बेटांची एक माळ आहे, फ्लोरिडा कीज. तिच्या मधोमध हे गाव. तिथल्या बूट की हार्बर नावाच्या बंदरात दोनशेवर बोये लावलेले आहेत. महिन्याचं भाडं भरायचं आणि बोयाला बोट बांधून राहायचं. दिवसा चोवीस-पंचवीस डिग्री. किनाऱ्यावर जायला छोटी होडी. 2017 साली इर्मा वादळाने त्या बंदरातल्या कितीतरी बोटी बुडवल्या, फोडल्या. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हाही झाडीत अडकलेले सांगाडे दिसत होते. म्हणजे अगदी स्वर्ग वगैरे नाही. हिवाळ्यातही उत्तरेचा वारा सुटला की दोन-दोन रात्री झोप नाही.

आता कामाकडे येते.

या बंदरात रोज सकाळी नऊ वाजता रेडिओवर सभा भरते. प्रत्येक बोटीवर छोटा रेडिओ असतो. एकजण पाळीने सूत्रं घेतो. आधी विचारतो, कुणाला काही तातडीची अडचण? मग नवीन कोण आलं, कोण निघालं, कुणाला काय विकायचंय, कुणाला पंप दुरुस्त करता येतो का. शेवटी एखादं कोडं. अर्ध्या तासात संपतं. त्यानंतर आमच्या रांगेतल्या सहा बोटी दुसऱ्या चॅनलवर जातो आणि एकेकाने फक्त नाव सांगायचं. 'अंबाझरी, हजर.' एवढंच. रांगेत बहुतेक सगळे पासष्टीच्या पुढचे, दोघं एकेकटे राहणारे.

पहिल्या वर्षी मला ही पोरकट कटकट वाटायची. एकदा आम्ही दोघं उशिरा उठलो, रेडिओ लावलाच नाही. साडेनऊला बोटीवर ठकठक. मी गाऊनमध्ये, केस विस्कटलेले, आणि बाहेर दोन होड्यांमधून चार म्हातारे, एकाच्या हातात प्रथमोपचाराची पेटी. मी वैतागले. ते मात्र "छान, झोपा" म्हणून निघून गेले.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या बोटीवरच्या गृहस्थांचा आवाज आला नाही. वय अठ्ठ्याहत्तर, एकटे. हे आणि आणखी एकजण होडी घेऊन गेले. ते आत जिन्याखाली पडलेले, मांडीचं हाड मोडलेलं, रेडिओ हाताला येत नव्हता. रात्री अकराला पडले होते. दहा वाजता आम्ही त्यांना किनाऱ्यावर नेलं. पुढच्या हिवाळ्यात ते काठी घेऊन परत आले. त्या दिवसापासून मी कटकट म्हणणं सोडलं.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातंय.

आपल्या वर्गात रोल नंबर तेवीस कोण होती, हे सगळ्यांना आठवतं. मी बावीस. सहा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. तिचे मिस्टर गेले, मुलगा परदेशात, मुलगी पुण्यात. ती पश्चिम नागपुरातल्या स्वतःच्या घरात एकटी राहायची आणि तिला ते आवडायचं. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सहाला तिचं फुलांचं चित्र यायचं. आपण त्याची थट्टा करायचो. मीसुद्धा.

2023 च्या जानेवारीत एका मंगळवारी फुलं आली नाहीत. बुधवारीही आली नाहीत. गुरुवारी सुट्टीवरून परत आलेल्या कामवाल्या बाईने बेल वाजवली आणि शेजाऱ्यांना बोलावलं. ती न्हाणीघरात घसरून पडली होती. मंगळवारचा बराचसा दिवस ती जिवंत होती, असं नंतर कळलं.

त्या तीन दिवसांत आपल्या ग्रुपवर एकशेवीसच्या वर मेसेज आले होते. मी नंतर मोजले. सुविचार, राजकारण, संक्रांतीच्या तिळगुळाचे व्हिडिओ. तिचं चित्र का आलं नाही, असं एकानेही विचारलं नाही. मी तर नाहीच. मी त्या तिन्ही सकाळी फ्लोरिडात रेडिओवर अनोळखी माणसांना 'अंबाझरी, हजर' सांगत होते. समोरच्या बोटीचा आवाज आला की नाही याकडे माझा कान होता. आणि माझ्या बाकावरची मैत्रीण आली नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मी कुणाला दोष देत नाही. आपण सगळे एकमेकांवर प्रेम करतो, आज सकाळपासून गळ्यात पडून रडतोच आहोत. पण त्या बंदरातली माणसं एकमेकांवर प्रेम करत नाहीत. निम्म्यांना एकमेकांचं आडनाव माहीत नाही. त्यांनी फक्त एक नियम ठरवला आहे आणि तो ते रोज पाळतात. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ वाचले ते त्या नियमामुळे.

म्हणून माझी विनंती. ग्रुपवरचे सुविचार चालू ठेवा, त्याला माझी ना नाही. पण एक वेगळा ग्रुप करू, त्याचं नाव 'हजेरी'. रोज सकाळी आठ वाजेपर्यंत प्रत्येकाने फक्त आपला शाळेतला रोल नंबर टाकायचा. फुलं नाहीत, नमस्कार नाही, फक्त नंबर. आठवड्याला एक मॉनिटर. दहापर्यंत ज्याचा नंबर आला नाही त्याला मॉनिटर फोन करेल. फोन उचलला नाही तर जवळ राहणारा कुणीतरी घरी जाईल. विसरलात म्हणून कुणी दारात आलं तर रागावू नका. मी रागावले होते, मला त्याची लाज वाटते.

दुसरं. बोट लांबच्या प्रवासाला निघताना किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे आपण कागद ठेवून जातो. त्यात लिहायचं: बोट कशी आहे, बरोबर कोण, कुठून कुठे जाणार, कधी पोचणार आणि किती वाजेपर्यंत कळवलं नाही तर शोध सुरू करायचा. मी तसाच एक कागद आपल्यासाठी केलाय. मागे टेबलावर प्रती ठेवल्या आहेत. रक्तगट, रोजच्या गोळ्या, डॉक्टरांचं नाव, मुलांचे नंबर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे. तेवीस नंबरच्या घराचं दार फोडावं लागलं होतं.

काही जण म्हणतील, आमचं कुटुंब आहे, सून आहे, आम्हाला कशाला हजेरी. फार चांगलं. मग तुम्ही मॉनिटर व्हा.

मी दोन आठवड्यांनी परत जाईन. ह्यांचे गुडघे आता कुरकुरतात, त्यामुळे बोटीवरचे आणखी किती हिवाळे आहेत, सांगता येत नाही. एक, फार तर दोन. पण तुमचे सकाळचे आठ म्हणजे तिथले रात्रीचे साडेनऊ. तेव्हा मी जागी असते आणि बंदरात फोनला रेंजही असते. पहिल्या आठवड्याची मॉनिटर मी होते.

सर, तुम्ही वर्गात आल्यावर आधी हजेरी घ्यायचात, मग फळ्याकडे वळायचात. पाच मिनिटं वाया जातात, असं तेव्हा आम्हाला वाटायचं. तुम्ही पंचावन्न मुलांच्या चेहऱ्यांकडे एकेकदा बघून घेत होतात, हे आता कळतंय.

जेवणाची वेळ झाली आहे, गोळाभाताचा वास इथपर्यंत येतोय, म्हणून थांबते. पण जेवणाआधी मागच्या टेबलावरून एकेक कागद घ्या. पेनही ठेवले आहेत. किल्लीचा रकाना रिकामा सोडू नका.