गाडीचा कॅमेरा आणि माधवगंजचे ऊन



गल्लीत उभी असलेली गाडी रात्री कोणी ठोकून गेले, तर साक्ष कोण देणार? म्हणून पुष्कळांनी काचेमागे कॅमेरा बसवला आहे. पण गाडी बंद असताना तो बॅटरी खातो. 5 वॅटचा कॅमेरा सतत चालला, तर दिवसाला 120 वॅट-तास लागतात. लहान गाडीच्या 12 व्होल्ट, 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीत सगळे मिळून 420! दोन दिवस गाडी हलली नाही, की तिसऱ्या दिवशी धक्का मारा.

मुले म्हणतात, काचेआड सोलर पॅनेल ठेवा. आपल्या गल्ल्यांत ऊन उतरते दुपारचे दोन-तीन तास. 10 वॅटचे पॅनेल त्यात 20 वॅट-तास देईल तर नशीब. शिवाय मे महिन्यात बंद गाडीची भट्टी होते, लिथियम बॅटरी फुगते. कॅमेरा कपॅसिटरवाला घ्यावा, धक्का लागला तरच जागा होणारा.

ऊन आहे ते गच्चीवर. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला केंद्राचे 78,000 रुपये अनुदान ठरले. गल्लीकडे तोंड केलेला दारावरचा कॅमेरा त्या विजेत सहज चालतो. वीज जाते तेव्हासाठी घरचा इन्व्हर्टर असावा. अडते कुठे? वाड्याला हिस्सेदार चार, एक पुण्याला, एक परदेशी, आणि गच्ची सगळ्यांची. संमतीपत्राचा मसुदा मंडळाने करून द्यावा. मते मागायला येणाऱ्यांनाही विचारा, सौर छताचा वाहनतळ माधवगंजला कधी देता?