विषाणूला पोसणाऱ्या पेशी



आपल्यापैकी अनेकांनी कोव्हिशील्ड लस घेतली असेल. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या या लसीत चिंपांझींना होणाऱ्या सर्दीचा एक विषाणू, ॲडिनोव्हायरस, वापरला आहे. तो आपल्या शरीरात वाढू नये म्हणून त्याचा ‘ई-वन’ हा जनुकभाग काढून टाकलेला असतो. त्याचं काम एवढंच, की सोबत दिलेलं जनुक पेशीत नेऊन पोचवायचं. अशा विषाणूला वाहक, म्हणजेच व्हेक्टर म्हणतात.

पण जो विषाणू वाढूच शकत नाही, तो कोट्यवधी डोसांसाठी वाढवायचा कसा? त्याचं उत्तर १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथं तयार होऊन बसलं होतं. ॲलेक्स व्हॅन डर एब यांच्या प्रयोगशाळेत फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातल्या पेशींत ॲडिनोव्हायरसच्या डीएनएचे तुकडे घातले. त्यांचा २९३ वा प्रयोग साधला, म्हणून त्या पेशींचं नावच ‘एचईके २९३’ पडलं. ‘ई-वन’ हा भाग या पेशींच्या स्वतःच्या डीएनएत कायमचा मुरलेला आहे. विषाणूत जे उणं, ते पेशीत हजर. त्यामुळे पंगू केलेला विषाणू या पेशींत भरभरून वाढतो आणि बाहेर पडला की पुन्हा पंगूच राहतो. पुढे तो शुद्ध करून लसीत वापरतात.

याच पेशींचा ‘२९३-टी’ हा प्रकार लेंटिव्हायरस या दुसऱ्या गटातल्या विषाणूंपासून वाहक बनवायला वापरतात. इथं विषाणूची जनुकं तीन-चार वेगवेगळ्या प्लास्मिडांवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळांवर, वाटून एकाच वेळी पेशींत सोडतात, म्हणजे रोग पसरवणारा अखंड विषाणू जुळून येण्याचा धोका अगदी कमी होतो. दोन-तीन दिवसांत वाहक भोवतालच्या द्रवात उतरतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या आणि २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार-१९’ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात रुग्णाच्या टी-पेशींत, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींत, नवं जनुक घालतो, तो लेंटिव्हायरस वाहकच.

नाव होतं वाहकाचं, पण खरी मेहनत असते पेशी सांभाळण्याची. तापमान ३७ अंश, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, अन्नद्रवात साखर, अमिनो आम्लं आणि बहुधा वासराचं सीरम. हा द्रव लालसर गुलाबी असतो. पेशींची गर्दी झाली, आम्ल साचलं की तो पिवळा पडतो. हात बसलेला माणूस हा रंग पाहूनच ओळखतो की उशीर झाला. २९३ पेशी तळाला सैलच चिकटतात. द्रव थेट त्यांच्यावर ओतला तर पापुद्राच सुटून येतो, म्हणून तो बाटलीच्या कडेनं हलकेच सोडायचा.

कालच्या दह्याचं विरजण लावून घरोघरी वर्षानुवर्षं दही लागतं. पेशींचं तसं चालत नाही. पुन्हा पुन्हा वाढवलेल्या पेशी बदलत जातात आणि वाहकाचं उत्पादन घटतं. म्हणून सुरुवातीच्या, पारखलेल्या पेशींच्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांपर्यंतच्या थंडीत जपून ठेवतात आणि ठरावीक काळानं नवी कुपी उघडतात. सगळ्यात घातक शत्रू म्हणजे मायकोप्लाझ्मा. हा जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, द्रव गढूळ करत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्यानं पेनिसिलिन त्याच्यापुढं निरुपयोगी. तो फक्त चाचणीतच सापडतो.

जनुकोपचार महाग आहेत, आणि वाहक तयार करण्याचा खर्च हे त्याचं एक मोठं कारण आहे. तो कमी करायचा तर नव्या यंत्रांइतकेच पेशी निगुतीनं वाढवणारे हातही हवेत. जीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं एवढंच: जनुकशास्त्राची पुस्तकं जरूर वाचा, पण पेशी वाढवण्याचं हे कामही मन लावून शिका. त्याची गरज आता वाढतच जाणार आहे.