पानांच्या ठशांतले निसर्गचित्र



पानाला शाई लावून कागदावर दाबले, की झाड जणू स्वतःची सही करते. लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत काजळी लावून उमटविलेले असे एक पान आजही आहे. १८५२ साली व्हिएन्नाच्या आलोइस आउअरने वनस्पती शिशाच्या पत्र्यात दाबून तिचे छाप काढण्याच्या रीतीचे पेटंट घेतले.

आम्ही अशा ठशांतून देखावे रचतो. नेच्याचे पाते दूरचा वृक्ष होते. शाई पानाच्या पाठीला लावावी; शिरा तेथेच उठून असतात. शाई अधिक झाली, की त्या बुडतात.

आरंभी आम्ही कुंचल्याने उणिवा भरीत असू. चित्र सुबक होई, पान मात्र खोटे ठरे. आता किडीने पाडलेले भोकही आम्ही तसेच राहू देतो. ते पान जगले, त्याची तीच खूण आहे.