फॉरमॅट मारण्याआधी

गेल्या वर्षी आमच्या घरचा कॉम्प्युटर सुरूच होईना. निळी स्क्रीन, रिस्टार्ट, पुन्हा निळी स्क्रीन. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल." अम्मी एवढंच बोलली, "अब्बांचा आवाज त्यात आहे रे." अब्बांच्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी इंजिनिअर, आणि घरचा बॅकअप नाही! लाज वाटली.

विंडोज बिघडलं म्हणजे फाइली गेल्या असं नसतं. बहुतेक वेळा त्या डिस्कवर तशाच असतात. भावाच्या लॅपटॉपवर मी उबंटू डाउनलोड केलं, 16 जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल केला आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला. तिथे 'इन्स्टॉल' नाही, 'ट्राय उबंटू' निवडायचं. हे विसरू नका, इन्स्टॉल करताना चूक झाली तर सगळं पुसलं जातं. मग विंडोजच्या डिस्कवरचं 'युजर्स' फोल्डर उघडलं आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी सुरू केली. आधी अब्बांचं रेकॉर्डिंग, बाकी नंतर.

डिस्कला बिटलॉकर असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लागते; ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. पण हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. मशीन बंद करा, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

कॉपी झालेल्या फाइली लॅपटॉपवर उघडून पाहिल्या, मगच दुकानदाराला हो म्हटलं. अम्मीने रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. त्यात अब्बा रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होते.