गिलटाच्या रुपयाचा भाव



आपल्या भागात जुन्या नाण्यांवर बोलायचं, तर चिखलीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. २०२२ साली पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सोन्याची २१६ नाणी ताब्यात घेतली. चिखलीतल्या एका बांधकामाच्या खोदाईतून निघालेली, अठराव्या शतकातली. एकूण वजन २ किलो ३५७ ग्रॅम. वर्तमानपत्रांत किंमत आली सुमारे १ कोटी ३० लाख रुपये.

या आकड्यांचा जरा भागाकार करू. एका नाण्याचं वजन येतं १०.९ ग्रॅम, म्हणजे मुघल मोहरेचं नेमकं वजन. त्या वर्षी सोनं ग्रॅमला पाच हजारांच्या आसपास होतं. म्हणजे नुसत्या सोन्याचेच झाले १ कोटी १८ लाख. राहिले बारा लाख. अडीच-तीनशे वर्षं, मोहरेवरची अक्षरं, तिचा बादशहा, तिची टांकसाळ, या सगळ्याच्या वाट्याला नाण्यामागे साडेपाच हजार रुपये! पंचनाम्यातला अंदाज तो, लिलावातला भाव नव्हे. पण सोन्याच्या नाण्याची गंमत यात दिसते. त्याला धातूचा आधार असतो. कुणाला काही कळलं नाही, तरी सराफ तराजूत टाकून पैसे देतोच. (चाकणच्या पट्ट्यात रोज कुठे ना कुठे जेसीबी चालू असतो, म्हणून सांगून ठेवतो: जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे.)

पण मला आज बोलायचंय ते गरिबाघरच्या नाण्यांवर. गिलटाच्या, म्हणजे निकेलच्या. १९५० चा, गव्हाच्या लोंब्यांचा रुपया घ्या. शुद्ध निकेल, ११.६६ ग्रॅम. समोर प्लेटिंगवाली मंडळी बसलीत, त्यांना निकेलचा भाव माझ्याहून चांगला ठाऊक. धातू म्हणून तो रुपया थोडक्याच रुपयांचा. यापुढची जी किंमत, ती माणसांनी ठरवलेली. म्हणून भाव कशानं ठरतो हे पाहायला सोन्यापेक्षा निकेल बरं.

सगळ्यात आधी वयाचा गैरसमज काढून टाकू. ‘जुनं ते सोनं’ ही म्हण नाण्याला लावू नका. शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई १६७४ पासूनची. साधी, झिजलेली शिवराई आजही शे-दोनशेत मिळते, कारण महाराजांनंतरही पेशवाई संपेपर्यंत ती ठिकठिकाणी अमाप पाडली गेली. महाराजांचा सोन्याचा होन मात्र हाताच्या बोटांवर मोजावा इतका दुर्मीळ. राज्य तेच, नाव तेच, भावात जमीन-अस्मान. पेशवाईत आपल्या चिंचवडलाही टांकसाळ होती. पण गावाचा अभिमान वेगळा आणि गिऱ्हाईक वेगळं.

किती पाडली यापेक्षा किती उरली हे महत्त्वाचं, आणि न उरण्याची कारणं मोठी रंजक असतात. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा सरकारनं तांबं-निकेलची दोन आण्यांची चवली काढली चौकोनी, चार आण्यांची पावली अष्टकोनी आणि १९१९ मध्ये आठ आण्याची अधेली गोल. अधेलीची खोटी नाणी इतकी निघाली की सरकारला ती मागे घ्यावी लागली. चवली पन्नाशीच्या दशकापर्यंत कुठे ना कुठे दिसे. अधेली मात्र भट्टीत गेली. म्हणून आज त्या काळातली चवली कुणीही देऊ करतो आणि अधेलीसाठी संग्राहक खिशात हात घालतो. खोटं करणाऱ्यांनीच खऱ्याचा भाव वाढवला म्हणायचा!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं हिंदुस्थानला उसनी चांदी दिली, २२ कोटी औंसांहून जास्त. ती परत करायची होती. म्हणून १९४६ पासून चांदीची पावली-अधेली बंद होऊन निकेलची आली आणि १९४७ मध्ये वाघाच्या चित्राचा निकेलचा रुपया आला. एका बाजूला इंग्रज राजा, दुसऱ्या बाजूला वाघ, आणि साल स्वातंत्र्याचं! याची हौस अनेकांना, त्यामुळे फार दुर्मीळ नसूनही त्याला मागणी बरी. उलट १९६४ चा नेहरूंचा रुपया, स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं, तोही निकेलचाच. लोकांनी तो आठवण म्हणून घरोघरी जपून ठेवला. सगळ्यांनीच जपल्यावर दुर्मीळ कसा व्हायचा?

आता टांकसाळीची खूण. कारखान्यातल्या मंडळींना हे पटकन कळेल: कास्टिंगवर हीट नंबर असतो, तो नसेल तर माल कुठल्या ओताचा हे सांगता येत नाही. नाण्यावर सालाखाली तसंच असतं. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका; कोलकात्याची खूण म्हणजे खूणच नाही. एकाच सालच्या दोन रुपयांचे भाव या खुणेवर पालटतात, कारण एका टांकसाळीनं लाखांनी पाडले असतील, दुसरीनं कोटींनी. पण खूण आहे म्हणून भाव आहे असंही नाही. १९८५ च्या रुपयाखाली इंग्रजी ‘एच’ असला की लोक मला फोन करतात. सुट्ट्या पैशांची टंचाई होती म्हणून तो बर्मिंगहॅमला पाडून आणला. आणला तो भरपूर. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्यांचंही तेच. लाखाची जाहिरात दिसते, आधी ‘नोंदणी फी’ मागतात आणि पुढे फोन बंद. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढून सांगितलं, की आमच्या नावानं असा कुठलाही व्यवहार होत नाही. तरी भोसरीपासून चाकणपर्यंत माणसं फसताहेत.

स्थितीबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, आधीच माफ करा. टांकसाळीतून निघाल्यावर हातोहात न फिरलेल्या निकेलला एक मऊ, फिरती चकाकी असते. नाणं वाकडं केलं की उजेड त्यावर चाकासारखा फिरतो. ती चकाकी एकदाच मिळते. झिजलेल्या आणि कोऱ्या नाण्याच्या भावात दहापट फरक सहज पडतो. आणि आपल्याकडे काय करतात? आजोबांची नाणी चिंच-मिठानं घासतात. आपला पट्टा तर याहून पुढे: ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन बफ मारून आणतात! नाणं आरशासारखं होतं आणि पाचशेचं पन्नासला येतं. एका गृहस्थांनी तर वर निकेल प्लेटिंग करून आणलं होतं. काम सुरेख होतं, त्यात वाद नाही.

शेवटी खरेपणा. १९३९ चा चांदीचा रुपया मुंबईत पाडला गेला, पण चलनात फार थोडा आला. लगेच १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आणली गेली. त्यामुळे त्याला मोठा भाव, आणि म्हणून बाजारात खोटे जास्त: काही ओतलेले, काही साल बदललेले. पुण्याच्या जुन्या बाजारात तो ‘स्वस्तात’ मिळाला, तर समजून जा. निकेलला निदान चुंबक आहे: शुद्ध निकेल चिकटतं, तांबं-निकेल चिकटत नाही. पण चिकटलं म्हणजे खरं असंही नाही, पोलादही चिकटतं. म्हणून वजन करा.

अमेरिकेत १९१३ सालचं लिबर्टीच्या मुखाचं पाच सेंटचं नाणं आहे. फक्त पाच ज्ञात आहेत. त्यातलं एक २०१८ मध्ये ४५ लाख डॉलरहून अधिकाला गेलं. या पाचांपैकी प्रत्येक कुणाकडून कुणाकडे गेलं याची नोंद आहे. एवढा पैसा त्या नोंदीवर विसंबून दिला जातो. आपल्याकडे नाणी डब्यात असतात आणि डब्यात चिठ्ठी नसते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कॅटलॉगमधला भाव म्हणजे तुमच्या हातात पडणारा भाव नव्हे. व्यापारी साधारण निम्म्यानं घेतो, कारण त्याला गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबायचं असतं.

मी समोरच्या टेबलाशी बसतो. बरेच जण डबे घेऊन आलेत, दिसतंय मला. नाणी कडेनं धरा, पृष्ठभागावर बोट नको. आणि कुणाकडे १९३९ चा रुपया असेल, तर आधी भिंगाखाली ठेवू, मग पेढ्यांचं बघू.