रेंज नाही म्हणजे नेमकं काय?



आपल्या नागपुरात फोन चालेनासा झाला की माणूस एकच वाक्य बोलतो, ‘रेंज नाही.’ सिमकार्ड सुरू झालेलं नसलं तरी रेंज नाही, टॉवरवर गर्दी असली तरी रेंज नाही, बॅटरी संपत आली असली तरीही रेंजच नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणावं, तसंच हे झालं. डॉक्टर निदान नाडी तरी बघतो. फोनच्या बाबतीत मात्र आपण थेट नवा फोन घेण्याच्या गोष्टी करू लागतो.

मी कवी माणूस. बी.ए.ला माझ्याकडे विज्ञान नव्हतं. पण गझल लिहिणाऱ्याला एक सवय असते. ओळ कुठे अडखळली तर तो ती फाडून टाकत नाही. तिचे तुकडे पाडतो, एकेका तुकड्याच्या मात्रा मोजतो. उर्दूत याला ‘तक्तीअ’ म्हणतात. दोष नेमका एखाद्या तुकड्यात सापडतो, बाकीची ओळ ठणठणीत असते. फोनचंही तसंच आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

फोन लागण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. पहिली, जवळ टॉवर हवा आणि त्यावर जागा हवी. दुसरी, हातातल्या यंत्राला त्या टॉवरची भाषा यायला हवी. तिसरी, सिमकार्ड कंपनीच्या वहीत चालू म्हणून नोंदलेलं हवं. आणि चौथी, यंत्रात हे सगळं पेलण्याइतकी वीज हवी. यातली एक गोष्ट निसटली तरी पडद्यावर दिसणारं चित्र जवळपास सारखंच असतं. म्हणून तर आपण फसतो.

याचं उदाहरण आपल्याच शहरात घडलं आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते देशात ५जी सेवेचा प्रारंभ झाला. त्यानंतर ६ ऑक्टोबरला एअरटेलनं ज्या आठ शहरांत ही सेवा टप्प्याटप्प्यानं सुरू केली, त्यांत दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, सिलिगुडी आणि वाराणसी यांच्याबरोबर आपलं नागपूर होतं. सिमकार्ड बदलायची गरज नव्हती, जुनं ४जीचंच चालणार होतं. तरीही ५जीचे महागडे फोन खिशात असलेल्या पुष्कळ लोकांना ५जी हे अक्षर दिसेना. टॉवर होता, सिम होतं, यंत्रात क्षमता होती. नव्हती ती यंत्राच्या सॉफ्टवेअरमधली परवानगी. फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी ती आपापल्या सवडीनं पाठवली. आयफोनवाल्यांना तर डिसेंबर २०२२ च्या मध्यापर्यंत थांबावं लागलं. म्हणजे इतक्या महागाच्या यंत्रालाही उंबरठ्यावर उभं राहावं लागतं, तिथे साध्या फोनची काय कथा.

आता साध्या फोनची एक कथा सांगतो. माझी थोरली बहीण, आमची आपा, कामठीला राहते. तिनं आयुष्यभर विड्या वळल्या. वय सदुसष्ट. तिच्याकडे बटणाचा फोन होता आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे बँकेत जमा झाले की त्यावर संदेश यायचा. मुलानं तिला नवा स्मार्टफोन घेऊन दिला. जुनं सिम २जीच्या काळातलं, म्हणून नंबर तोच ठेवून ४जीचं सिम घ्यायचं ठरलं. आम्ही दुकानात गेलो. यंत्रावर बोट ठेवलं, ठसा उमटेना. दुसरं बोट ठेवलं, तेही नाही. पानं कातरून आणि सूत गुंडाळून बोटांवरच्या रेषाच पुसट झालेल्या. आपा म्हणाली, ‘अरे, साऱ्या जन्माची कमाई या बोटांची, आणि हा डबा म्हणतो मी तुला ओळखत नाही!’

दुकानातला मुलगा समजूतदार होता. ओळखपत्र आणि जागेवर काढलेला फोटो, या दुसऱ्या मार्गानं त्यानं अर्ज भरला. घरच्या दुसऱ्या एका नंबरवर आलेला आकडा विचारून घेतला. श्रोतेहो, ठसा उमटत नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल, तर हा दुसरा मार्ग असतो हे लक्षात ठेवा. गवंडीकाम, धुणीभांडी, विणकाम, शेतमजुरी करणाऱ्या कितीतरी हातांची हीच अडचण आहे. आणि १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्जावर सिम देणं बंद झालं आहे, त्यामुळे यंत्रासमोर उभं राहणं कुणालाच चुकलेलं नाही.

संध्याकाळी नवं सिम सुरू झालं. फोन येऊ-जाऊ लागले. पण बँकेचा संदेश काही येईना. मग घरात प्रत्येकजण वैद्य झाला. एका भाच्यानं सिम दुसऱ्या खाचेत घातलं. दुसऱ्यानं फोन मूळ स्थितीला नेला, त्यात साठवलेले नंबर गेले. शेजारी म्हणाले, यंत्रच खराब आहे, परत करा. खरी गोष्ट अशी होती की बिघाड कुठेच नव्हता. सिम बदललं की पुढचे चोवीस तास त्या नंबरवरचे संदेश मुद्दाम रोखून धरले जातात. कुणी भामट्यानं तुमच्या नावानं दुसरं सिम काढलं, तर त्याला लगेच बँकेचा गुप्त आकडा मिळू नये म्हणून हा पहारा आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपाच्या फोनवर संदेश आपसूक येऊ लागले. पहारा चांगला, पण तो असतो हे दुकानाच्या पाटीवर कुठेतरी लिहिलेलं असतं, तर आपाची एक रात्र काळजीत गेली नसती.

म्हणून पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फोन बंद करून पुन्हा सुरू करा. नाही जमलं तर विमानाचं चित्र असलेलं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवलेल्या स्थितीत राहू द्या, मग काढा. फोन नव्यानं टॉवर शोधतो. तरी नाही, तर आपलं सिम शेजाऱ्याच्या फोनमध्ये घाला. तिथे चाललं तर दोष यंत्राचा किंवा त्यातल्या मांडणीचा. तिथेही नाही चाललं तर दोष सिमचा किंवा कंपनीच्या नोंदीचा. मग शेजाऱ्याचं चालू सिम आपल्या फोनमध्ये घालून पाहा. दहा मिनिटांच्या या अदलाबदलीत निम्मं कोडं सुटतं. एक मात्र बघा, बटणाचे काही जुने फोन फक्त २जी जाणतात आणि जिओसारख्या जाळ्यात २जी मुळीच नाही. तिथे दोष कुणाचाच नसतो, दोघांची भाषा वेगळी असते.

कंपनी बदलायची असेल तर ‘पोर्ट’ लिहून १९०० या क्रमांकावर संदेश जातो आणि आठ अक्षरांचा एक संकेत येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. त्याच मंडळातल्या मंडळात बदल असेल तर कामाचे तीन दिवस लागतात, दुसऱ्या मंडळातून येत असाल तर पाच. टेलिफोनच्या हिशेबात मुंबई हे वेगळं मंडळ आहे आणि नागपूर महाराष्ट्र-गोवा मंडळात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मुंबईचा नंबर घेऊन नागपुरात आलेला मुलगा चौथ्या दिवशी भांडायला निघतो, ते यामुळे. आणि १ जुलै २०२४ पासून, सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस पोर्ट करता येत नाही.

आता रेंजकडे वळू. कोपऱ्यातल्या त्या दांड्यांवर आपला फार विश्वास. पण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा ठरवतो. जुलै २०१० मध्ये ॲपल कंपनीनं स्वतः पत्र काढून सांगितलं होतं की, दांड्या मोजण्याचं आमचं सूत्र चुकीचं होतं, कित्येकदा दोन दांड्या जास्तच दिसत होत्या. त्यामुळे ‘माझ्या फोनला चार, तुझ्याला दोन’ ही तुलना कामाची नाही. फोनच्या सेटिंगमध्ये, सिमच्या माहितीत, बहुतेक अँड्रॉइड फोनवर एक आकडा दिसतो. तो उणे असतो. उणे ८५ म्हणजे छान, उणे १०५ म्हणजे ओढाताण, उणे १२० च्या आसपास बोलणं तुटायला लागतं. यातला दहाचा फरक म्हणजे दहापट शक्तीचा फरक. उणे ८० आणि उणे ११० यांत हजारपटीचं अंतर आहे, आणि दांड्यांमध्ये ते दोनतीनच दिसतं.

दोन फोनांची तुलना करायची तर सिम एकाच कंपनीचं घ्या, फोन त्याच टेबलावर ठेवा, वेळही तीच ठेवा. दोन कंपन्यांची तुलना करायची तर फोन एकच ठेवा आणि सिम बदला. घरात, गच्चीवर आणि रस्त्यावर, अशा तीन जागी आकडे कागदावर लिहा. महालातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि टिनाची छपरं लहरींना अडवतात. कमी वारंवारतेच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात, जास्त वारंवारतेच्या वेगवान असल्या तरी दाराशीच थबकतात. म्हणून अंगणात ५जी पळतं आणि स्वयंपाकघरात फोन मुका होतो.

आणि दांड्या भरलेल्या असूनही फोन न लागणं, हे तर नागपूरकरांना सांगायलाच नको. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. टॉवर समोर असतो, पण त्याची वाटून देण्याची ताकद मर्यादित. उर्साच्या गर्दीत ताजबागेतही हेच. तिथे फोन बदलून काही होत नाही. बोलण्याचा हट्ट सोडून दोन शब्दांचा संदेश पाठवावा, तो पोचण्याची शक्यता जास्त.

चार्जिंगचा विषय याला अगदी चिकटून आहे. रेंज कमजोर असली की फोन टॉवरपर्यंत आवाज पोचवायला जास्त जोर लावतो आणि बॅटरी भराभर उतरते. ‘या फोनची बॅटरी टिकत नाही’ म्हणून तक्रार करणाऱ्याच्या खोलीत कित्येकदा दोष रेंजचा असतो. तिथे ५जी काठावर येत-जात असेल तर सेटिंगमधून ४जीवर ठेवून पाहा, फरक कळतो.

चार्जरचा हिशेब मात्र शाळेतला आहे. त्यावर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर गुणले की वॉट येतात. पाच व्होल्ट, दोन अँपिअर म्हणजे दहा वॉट. पाच हजार एमएएचच्या बॅटरीत साधारण एकोणीस वॉट-तास वीज मावते. म्हणजे दहा वॉटच्या चार्जरला दोन तासांच्या वरच लागणार. त्यात शेवटचे वीस टक्के मुद्दाम सावकाश भरले जातात, बॅटरी जपण्यासाठी. म्हणून दोन चार्जर किंवा दोन वायरी पारखायच्या असतील तर वीस टक्क्यांपासून ऐंशीपर्यंतचा वेळ मोजावा, आणि तेव्हा फोन वापरू नये. बहुधा गुन्हेगार वायर निघते. नाहीतर फोनच्या तोंडात साचलेला खिशातला कचरा. फोन बंद करून लाकडी काडीनं तो हलकेच काढता येतो.

आपल्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. पारा पंचेचाळिशीला टेकला की तापलेला फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. तो बिघाड नव्हे, तो स्वतःला वाचवत असतो. त्याला उशीखाली, गाडीच्या काचेमागे ठेवू नका. आणि गार करायला फ्रिजमध्ये तर मुळीच नको, आत दव धरतं. सावलीत, कव्हर काढून पंख्याखाली ठेवणं पुरे.

श्रोतेहो, हे सारं एवढ्या बारकाईनं का सांगतोय? कारण फोन नंबर आता केवळ बोलण्यासाठी राहिलेला नाही. बँक, गॅस, निवृत्तिवेतन, दवाखाना, साऱ्यांच्या किल्ल्या या दहा आकड्यांना बांधलेल्या आहेत. रिचार्ज न केल्यानं बंद पडलेला नंबर निदान नव्वद दिवस तरी दुसऱ्याला दिला जात नाही, पण त्यानंतर दिला जाऊ शकतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नंबराची मुदत कधी संपते, हे घरातल्या एकानं लिहून ठेवावं. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँकेत आणि आधारमध्ये नवा नोंदवावा. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’वर बघता येतं.

आणि एक इशारा. शेजारच्या सगळ्यांचे फोन चालू आहेत, तुम्ही काही बदललेलं नाही, आणि तुमचीच रेंज एकाएकी पूर्ण गेली, तासभर आलीच नाही, तर स्वस्थ बसू नका. तुमच्या नावानं कुणी दुसरं सिम काढलेलं असू शकतं. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला, मग बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब तक्रार करा.

सेवेची तक्रार १९८ वर होते. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या, तारखेसह लिहा. उत्तरानं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे ‘रेंज नाही’ एवढंच म्हणू नका. ‘माझं सिम दुसऱ्या फोनमध्ये चालत नाही, दुसऱ्याचं माझ्या फोनमध्ये चालतं, कालपासून असं आहे,’ असं सांगा. एवढं सांगितलं की समोरच्याला तुमची तक्रार टाळणं अवघड जातं. आणि घरात आपासारखं कुणी असेल तर दुकानात त्यांच्याबरोबर जा. यंत्रानं त्यांना ओळखलं नाही, तर ओळखणारं एक माणूस जवळ असलं पाहिजे.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)